चामडं शाबूत होतं, वरचा रंग गेला होता

गाडी २०१२ ची. सेडान, टॉप मॉडेल, आतून बेज लेदर. इंजिनाबद्दल तक्रार नाही, एसी आजही मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या वर्धा रोडवर टिकाव धरतो. ड्रायव्हरच्या सीटची मात्र रया गेली होती. बैठकीची दाराकडची कड तडकून तिथला रंग पापुद्र्यांसारखा सुटत होता, मधल्या भागात बारीक भेगांचं जाळं पडलं होतं आणि कडेची शिवण वीतभर उसवून आतला पिवळा फोम डोकावत होता. शेजारची सीट त्या मानाने बरी. मागची नुसती काळवंडलेली.

घाट रोडवर आणि सदरमध्ये चौकशी केली. सगळीकडे एकच उत्तर: कव्हर टाकून घ्या. आर्ट लेदरचा, म्हणजे कृत्रिम चामड्याचा, पूर्ण सेट नऊ ते चौदा हजार, खऱ्या चामड्याने नवीन मढवायचं तर पन्नास हजारांच्या पुढे. माझ्या गाडीची आरसी पंधरा वर्षांची, त्यातली बरीचशी संपलेली. विकायला काढली तर जे मिळेल त्यातला एवढा मोठा तुकडा सीटवर घालायचा, हे काही पटेना. एका दुकानात 'एकदम ओरिजिनल नप्पा', म्हणजे मऊ अस्सल चामडं, म्हणून हातात दिलेला नमुना मी उलटा करून पाहिला. मागे पांढरं विणलेलं कापड होतं. खऱ्या चामड्याची मागची बाजू लवदार असते, नखाने खरवडली की तंतू सुटतात. दुकानदार हसला, म्हणाला, "साहब, सब यही लेते हैं." त्याचंही खरंच आहे, बहुतेक लोक तेच घेतात.

कव्हरला नाही म्हणायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं. सीटच्या पाठीच्या दाराकडच्या बाजूला 'एअरबॅग' असं लिहिलेला बोटभर टॅग शिवलेला आहे. धडक बसली की तिथली शिवण फाटून एअरबॅग बाहेर येते, आणि ती नीट फाटावी म्हणून कंपनी तिथे मुद्दाम कमी ताकदीचा दोरा वापरते. त्या जागेवर जाड कव्हर आवळून बसवलं तर पिशवीची वाटच अडते. साइड एअरबॅगसाठी वेगळी शिवण ठेवलेली कव्हरं मिळतात, पण मी विचारलं तिथे निम्म्या लोकांना हा प्रश्नच नवा होता.

म्हणून आधी सीट नेमकी आहे कशाची, ते पाहायला बसलो. हेडरेस्ट काढली, पाठीच्या खालची चेन उघडली आणि टॉर्च लावून शिवणीच्या आत वळलेल्या कडा पाहिल्या. अंगाला लागणारा भाग, म्हणजे बैठकीचा आणि पाठीचा दर्शनी भाग, खरं चामडं. सीटची मागची बाजू आणि खालच्या पट्ट्या मात्र आर्ट लेदर. 'लेदर सीट' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत हाच प्रकार असतो, त्यात फसवणूक वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त कुठे काय आहे हे माहीत हवं, कारण दोन्हींची दुरुस्ती वेगळी. आर्ट लेदरचा वरचा थर कापडापासून सुटायला लागला की तो परत चिकटत नाही, तो तुकडा बदलावाच लागतो. चामड्याचं तसं नसतं.

मग पाण्याचा थेंब टाकून पाहिला. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला, आत जिरला नाही. याचा अर्थ चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा थर आहे. गाड्यांच्या सीटवर बहुतेक असंच असतं, नाहीतर घामाने आणि चहाच्या डागांनी वर्षभरात वाट लागली असती. भेगा पडतात त्या सुरुवातीला या थरात. खालचं चामडं तेव्हा बऱ्यापैकी धड असतं. एकदा हे लक्षात आलं की बाजारातले निम्मे उपाय आपोआप बाद होतात. खोबरेल तेल, दुधाची साय, महागडं कंडिशनर, काहीही चोळा, त्या थरातून आत फारसं जातच नाही. ते वर बसतं, धूळ धरतं आणि पुढे रंग लावायचा म्हटलं की तो धरू देत नाही. बुटाच्या पॉलिशचं तर विचारूच नका. दिसतं छान, आणि उन्हात तापलेल्या सीटवरून ते पांढऱ्या शर्टवर उतरतं.

नागपूरचं ऊन यात मोठा गुन्हेगार. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी आतून बाहेरच्यापेक्षा सहज वीसेक अंशांनी जास्त तापते, डॅशबोर्ड आणि सीटचा पृष्ठभाग तर त्याहून जास्त. दहा-बारा उन्हाळे असे गेले की वरचा थर कडक होतो. मग आपण रोज उतरताना त्याच कडेवरून घासत उतरतो, जीन्सच्या खिशाचं रिव्हेट तिथेच लागतं, आणि कडक झालेला थर वाकण्याऐवजी तडकतो.

पण नुसतं ऊन आणि घासणं एवढ्यानेच भागलं नव्हतं, हे मला सीटवाल्याने दाखवलं.

शिवण आणि फोम हे काम घरी करायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूला एक जण ऑटोरिक्षाच्या आणि ट्रॅव्हल्सच्या सीट भरतो. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक जुनं जड शिलाई मशीन आणि फोमचे ढीग. त्याच्याकडे पूर्ण गाडी नेण्यापेक्षा सीटच काढून नेली. हे करताना एक काळजी घ्यायलाच हवी: इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मगच सीटखालचे कनेक्टर सोडायचे. त्यातला पिवळा कनेक्टर एअरबॅगचा. तो सुटा असताना इग्निशन चालू केलं की मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग तो घालवायला स्कॅनरवाल्याचे पाय धरावे लागतात. बाकी काम सोपं, चार बोल्ट. सीट मात्र वाटते त्यापेक्षा जड असते, उचलायला दोघं लागतात, आणि दाराच्या पट्टीवर जाड चादर टाकली नाही तर रुळाचं टोक तिथला रंग काढतं.

सीटवाल्या भाऊंनी कडेवरून अंगठा फिरवला, दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "चामडं तं पक्कं आहे भाऊ, काहून बदलून राहिले? फोम बसला ना याचा. फोम बसला म्हणून वरचं ढिलं पडलं, ढिलं पडलं म्हणून घड्या पडल्या, अन् घडीवरच तडकलं." त्यांनी खालच्या तारेच्या कड्या पक्कडीने उघडल्या, चामडं अर्ध्यापर्यंत सोलून वर केलं आणि कडेचा फोम दाखवला. तो दाबला की परत वर येत नव्हता, आतल्या लोखंडी चौकटीने त्याला खालून खाऊन चुरा केला होता.

नवीन रंग कितीही चांगला लावला असता तरी या चुऱ्यावर तो टिकला नसता. त्यांनी चेपलेला भाग धारदार सुरीने तिरका कापून काढला, दाट फोमचा तुकडा त्याच उताराने कापून चिकटवला आणि चौकट लागते तिथे जाड नमदा घातला. उसवलेल्या शिवणीला चामड्याच्या मागून सुती कॅनव्हासची पट्टी लावली आणि वाकड्या सुईने, जुन्याच भोकांतून, नायलॉनच्या दोऱ्याने हाती शिवण घातली. जुन्याच भोकांतून, यावर त्यांचा भर होता. नवीन भोकं पाडली की चामडं तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं, असं त्यांचं म्हणणं. पाठीच्या एअरबॅगच्या शिवणीला हात लावायचा नाही हे मी सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं. मजुरी आणि फोम मिळून चौदाशे रुपये घेतले. मला वाटतं या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सत्कारणी लागलेला पैसा हाच.

सीट घरी आणली आणि मागच्या खोलीत जुन्या सतरंजीवर ठेवली. आता माझं काम.

सगळ्यात जास्त वेळ स्वच्छतेला गेला, आणि जायलाच हवा. लेदर क्लीनरचा नुसता फेस घ्यायचा, पाणी नाही, आणि मऊ ब्रशने हातभर जागा गोल गोल घासून लगेच मायक्रोफायबरने पुसायची. आधीच्या मालकाने डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश सीटवरही मारलेलं असावं, कारण पहिल्या वेळी फेस धरतच नव्हता, नुसता घसरत होता. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फडक्यावर काळपट तपकिरी मळ यायला लागला. शिवणींच्या खाचांत टूथब्रश. आई दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, "एवढं तं तू स्वतःचं तोंड धूत नाहीस."

मळ निघाल्यावर कळलं की आपण ज्याला सीटचा रंग समजत होतो तो रंग नव्हताच. मूळ बेज बराच उजळ निघाला. मागच्या सीटला तर स्वच्छतेपलीकडे फारसं काही लागलंच नाही. म्हणून कोणाला एवढंच करायचं असेल तर एवढंच करा, अर्ध्याअधिक सीटचा प्रश्न इथेच सुटतो.

रंग लावायच्या जागेवर नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं. यामुळे उरलेलं तेल आणि पॉलिशचा अंश बराचसा निघतो. फडकं भिजवून निथळत ठेवायचं नाही, ओलसर पुरे, आणि एका जागी घासत बसायचं नाही, कारण ते जुना रंगही सोडवतं. मग सहाशे नंबरचा पॉलिश पेपर. भेगांच्या कडा उचललेल्या असतात, त्या बोटाला लागेनाशा होईपर्यंत हलक्या हाताने घासायच्या. इथे पहिल्यांदा सीट आधीपेक्षा वाईट दिसायला लागते. कडेवर ठिकठिकाणी उघडं, फिकट निळसर-करडं चामडं दिसत होतं. ते पाहून मला बरंच वाटलं: तंतू घट्ट होते, कुठेही आरपार भेग नव्हती.

उघड्या तंतूंवर आधी बाइंडर लावतात. दुधासारखं पातळ असतं, आत मुरतं आणि मऊ पडलेल्या तंतूंना धरून ठेवतं. ते वाळल्यावर भेगांत फिलर भरायचा. फिलर म्हणजे वाळल्यावरही रबरासारखी वाकणारी पेस्ट. घराच्या भिंतीची पुट्टी किंवा गाडीच्या पत्र्याचे खळगे भरायची पुट्टी इथे चालत नाही, ती कडक होते आणि पहिल्यांदा बसताच फुटते. रंगकामाच्या लवचिक सुरीने फिलर भेगेत दाबायचा आणि वरचा सगळा खरवडून काढायचा. भेगेत राहील तेवढाच राहू द्यायचा. एकदम जाड भरला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि नंतर खळगा पडतो. म्हणून पातळ थर, हेअर ड्रायरची कोमट हवा, पुन्हा पातळ थर. शेवटी आठशे नंबरने घासून डोळे मिटून हात फिरवायचा. डोळ्यांना सपाट दिसतं ते बोटांना लगेच उंचसखल कळतं.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण विचारणारे इथेच अडतात. 'बेज' नावाची तयार बाटली घेतली तर ती तुमच्या सीटला जुळेलच असं नाही. गाडीगणिक बेज वेगळा, आणि तुमचा बेज उन्हाने आणखी बदललेला. मी लेदरसाठीचे पाण्यात मिसळणारे रंग सुटे मागवले: पांढरा, पिवळसर मातकट, तपकिरी आणि काळा. पांढऱ्यापासून सुरुवात करायची, मातकट थोडा थोडा घालायचा, मग तपकिरी थेंबाने, आणि काळा काडीच्या टोकाने. काळ्याचा एक थेंब जास्त पडला की त्याला परत आणायला अर्धी बाटली पांढरा लागतो. हे रंग ओले असताना उजळ दिसतात आणि वाळून गडद होतात, त्यामुळे प्रत्येक मिश्रणाचा ठिपका सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर लावून ड्रायरने वाळवायचा आणि मगच ठरवायचं. आणि हे सगळं दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली बेमालूम जुळलेला रंग गॅलरीत नेला की गुलाबी झाक मारतो. जुळवायचं कशाशी, तर हेडरेस्टखालच्या मूळ रंगाशी नाही, शेजारच्या सीटच्या आजच्या रंगाशी. नवीन गाडीचा रंग मिळवला तर दुरुस्त केलेली सीट वेगळीच उठून दिसेल.

लावायला दाट स्पंज. घासायचा नाही, टिपायचा. पहिला हात इतका पातळ असतो की खालचे सगळे डाग दिसतात आणि माणसाचा धीर सुटतो. तसंच वाळू द्यायचं. तिसऱ्या-चौथ्या हाताला सीट एकजीव व्हायला लागते. एअरब्रश असेल तर आणखी छान, पण एका सीटसाठी कॉम्प्रेसर घेणं म्हणजे हौस. स्पंजने येणारा किंचित रवाळपणा चामड्याच्या पोताशी जमूनही जातो.

मी हे एप्रिलच्या शेवटी केलं. त्या कोरड्या हवेत दुपारी रंग सीटवर जायच्या आत स्पंजवरच वाळतो आणि मग त्याच्या गुठळ्या उठतात. त्यामुळे पहाटे उजाडल्यापासून साडेआठपर्यंत काम, नंतर खोली बंद. कूलरही त्या खोलीत चालवायचा नाही. एकतर तो ओलावा आणतो आणि त्याहून वाईट म्हणजे बाहेरची धूळ आणि खसच्या काड्यांचा भुसा ओल्या रंगावर आणून टाकतो. घरातल्यांनी तेवढे दिवस कुरकुर केली, ती रास्त होती. उलट पावसाळ्यात हेच काम केलं तर प्रत्येक हात वाळायला ताटकळावं लागेल. दिवाळीनंतरचे दिवस बहुधा सगळ्यात बरे.

रंगावर शेवटी पारदर्शक टॉपकोट. रोजची घासाघीस तोच सोसतो, म्हणून इथे काटकसर नको. मी क्रॉसलिंकर नावाचं रसायन मिसळून वापरायचा घेतला. त्यामुळे थर जास्त टणक होतो, पण मिसळलेलं मिश्रण ठेवता येत नाही, लागेल तेवढंच करायचं. चमक 'मॅट' आणि 'सॅटिन'च्या मधली ठेवली. चकचकीत टॉपकोट लावलेली सीट लांबून रेक्झिनची वाटते. कडेवर जास्तीचे दोन हात मारले. एका दिवसात सीट हाताला कोरडी लागली तरी आठवडाभर तिच्यावर बसायचं नाही, ओलं फडकंही लावायचं नाही, हे पाळलं. तोवर स्कूटर होती.

हिशेब विचाराल तर: बाइंडर, फिलर, रंग आणि टॉपकोट मिळून सुमारे चार हजार, क्लीनर आणि ब्रश सातशेच्या आसपास, अल्कोहोल, पॉलिश पेपर, स्पंज, हातमोजे यांचे पाचशे आणि सीटवाल्या भाऊंचे चौदाशे. साडेसहा हजारांच्या आतबाहेर. यात शेजारच्या सीटची डागडुजीही झाली आणि बाटल्यांत निम्मा माल उरला. माझ्या वेळेची किंमत लावली तर गणित बदलतं, हे मान्य. ज्याला शनिवार-रविवार अशा कामात घालवायचा कंटाळा आहे त्याने आर्ट लेदरचे नऊ हजार देऊन मोकळं व्हावं, फक्त एअरबॅगच्या शिवणीचं विचारून.

मधे एक पूर्ण पावसाळा आणि पुढचा उन्हाळा गेला. बैठकीचा मधला भाग जसाच्या तसा आहे. दाराकडच्या कडेवर केसाएवढ्या दोन रेषा परत उमटल्या आहेत, जवळून पाहिल्या तर दिसतात. रोज घासणारी जागा आहे, तिथे वर्षा-दोन वर्षांनी उरलेल्या रंगाचा हात फिरवावा लागणार. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात दोन सीटमधला फरक जाणकाराला कळतो, बायकोला कळत नाही, म्हणून मी तो विषय काढत नाही. आता महिन्यातून एकदा ओलसर फडक्याने पुसतो, समोरच्या काचेला सनशेड लावतो आणि नवी जीन्स धुतल्याशिवाय गाडीत घालत नाही. निळा रंग बेजवर फार लवकर बसतो.

दोन ठिकाणी मात्र ही पद्धत चालवू नका. ज्या सीटला हवा खेळण्यासाठी बारीक भोकं असतात तिथे फिलर आणि रंगाचे जाड हात ती भोकं बुजवतात, भोकं सुईने एकेक उकलत बसावं लागतं. ते काम ज्याच्याकडे बारीक स्प्रेगन आहे त्यालाच द्यावं. दुसरं म्हणजे स्टिअरिंग. तिथे हाताचा घाम आणि सततची पकड इतकी असते की असा रंग महिनोन्‌महिने टिकत नाही, तळव्याला लागतो. माझ्या स्टिअरिंगवर मानेवाड्याच्या त्याच भाऊंनी खऱ्या चामड्याचा तुकडा कापून चढवला, गाडीत बसूनच, दोन तासांत. त्याचे नऊशे रुपये वेगळे.